रिक्वेस्ट कुठवर पोचली?

लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारं वेब ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवलं की चालत नाही, आणि का चालत नाही हे सांगायला जवळ कुणी नसतं. आपल्याकडच्या किती पोरापोरींचं काम या एका जागी अडून राहतं, हे मी लातूरला बसून बरीच वर्षं बघतोय. प्रोग्राम लिहून झालेला असतो. तो बरा असतो. प्रोजेक्टला मार्कही चांगले पडलेले असतात. पण ज्या अडत्यासाठी, ज्या शाळेसाठी, ज्या दवाखान्यासाठी तो लिहिला, तिथल्या माणसाला तो एकदाही उघडता येत नाही. वर्षभराची मेहनत पेनड्राइव्हमध्ये राहते आणि मुलगा पुण्याला निघून जातो.

मार्कांच्या बाबतीत आम्ही लातूरकर कुणाला ऐकणारे नाही. एखादा विषय परीक्षेत येणार म्हटलं की नोट्स, सराव, चाचण्या, सगळं दोन महिन्यांत उभं राहतं. पण वेब सर्व्हर (मागितलेलं पान पुरवणारा प्रोग्राम) आणि फ्रेमवर्क (ज्याच्या आधाराने वेबचा प्रोग्राम लिहितात तो तयार सांगाडा) यांची गाठ कशी घालायची हा विषय धड नेटवर्किंगच्या पेपरात बसत नाही, धड प्रोग्रामिंगच्या. म्हणून तो कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारतही नाही. संगणक शिकणाऱ्यांच्या अभ्यासातली ही सगळ्यात महागात पडणारी गाळलेली जागा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इथून पुढेच तर प्रोग्राम दुसऱ्याच्या कामाला येतो.

माझी भाची नांदेडला संगणकशास्त्र शिकते. शेवटच्या वर्षाला तिने आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेव लॅराव्हेल या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये लिहिली: पुस्तकांची दाखल नोंद, सभासद, कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, परत यायची तारीख उलटून किती दिवस झाले. गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वाचनालय जुनं आहे. दाखल रजिस्टरांचे पहिले खंड निजामी अमलातले, टाकाच्या शाईने लिहिलेले. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे पहाटेपासून बसलेली असतात. ग्रंथपालांनी पडून असलेला एक डेस्कटॉप दिला. म्हणाले, "ह्याच्यावर बसवा. आतल्या वायफायवर चाललं तरी आम्हाला पुरे हाय." मागणी इतकीच होती आणि ती रास्त होती.

डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली, अपाचे हा वेब सर्व्हर आला, पीएचपी ८.३ आलं, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट. आणि मग मला फोन आला. "मामा, लॅपटॉपवर तर चालायलंय की. इथंच काय झालं?"

लॅपटॉपवर का चालतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे; निम्मं उत्तर तिथेच असतं. लॅराव्हेल शिकताना सगळे टर्मिनलवर 'आर्टिसन सर्व्ह' चालवतात आणि आठ हजार नंबरच्या पोर्टवर पान उघडतात. तिथे अपाचे नसतंच. पीएचपीमध्ये ५.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, एक छोटासा सर्व्हर अंगचाच आलेला आहे. तो फक्त लिहिताना तपासण्यासाठी आहे. लॅराव्हेल त्याच्या जोडीला स्वतःची एक फाइल देतं, आणि ती फाइल येणारा प्रत्येक पत्ता गुपचूप इंडेक्स.पीएचपी या प्रवेशाच्या फाइलीकडे वळवते. म्हणजे पत्ते वळवायचं काम आपण न सांगता झालेलं असतं. दुसरं, तो सर्व्हर आपल्याच नावाने चालतो, त्यामुळे आपल्या फाइली वाचायला-लिहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिसरं, जगाला दाखवायचं फोल्डर कोणतं, हेही त्याला आधीच ठाऊक असतं. खऱ्या सर्व्हरवर ही तिन्ही कामं आपल्याला स्वतः सांगावी लागतात, आणि अडचणी नेमक्या याच तीन ठिकाणी येतात. मुलांना वाटतं आपला प्रोग्राम बिघडला. प्रोग्रामला काहीही झालेलं नसतं.

मी शनिवारी गेलो. भाचीने तोपर्यंत इंटरनेटवरून बऱ्याच आज्ञा उचलून चालवून पाहिल्या होत्या आणि त्यातली कोणती कशासाठी होती हे तिलाही आता सांगता येत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की आता काही बदलायचं नाही. आधी रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने केलेली पानाची मागणी, कुठवर पोचते ते बघू.

मी जन्मभर हे काम या एका प्रश्नावर केलंय. ब्राउझरमधून निघालेली रिक्वेस्ट आधी त्या यंत्रापर्यंत पोचावी लागते. मग अपाचेच्या हातात. अपाचेने ती बरोबर साइटकडे द्यावी लागते. त्या साइटचं फोल्डर त्याला उघडता यावं लागतं, त्यातली इंडेक्स.पीएचपी चालावी लागते, मग लॅराव्हेल जागं होतं, तो पत्ता स्वतःच्या राउटांमध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्याला काय द्यायचं त्या यादीत, शोधतं, शेवटी डेटाबेस. यातली कोणती पायरी गाठली आणि कोणती नाही, हे कळलं की शोधायची जागा हातभर उरते. ते न कळता केलेला प्रत्येक बदल पुढच्या माणसाला आणखी एक कोडं घालतो.

अपाचे दोन वह्या लिहितं. एकीत कोण आलं, काय मागितलं, काय उत्तर गेलं. दुसरीत कुठे काय बिनसलं. दोन्ही टर्मिनलच्या दोन खिडक्यांत उघड्या ठेवायच्या आणि दुसऱ्या यंत्रावरून पान ताजं करायचं. भाचीने मोबाइलवरून पान उघडलं आणि पहिल्या खिडकीत एक ओळ वर सरकली. म्हणजे यंत्रापर्यंत रस्ता मोकळा आहे. वायफाय, फायरवॉल, केबल, सगळं एका ओळीने निकालात निघालं.

पण मोबाइलवर तिचं वाचनालय नव्हतं, उबुंटूचं अपाचेसोबत येणारं स्वागताचं पान होतं. तिने स्वतःच्या साइटची फाइल लिहिली होती, चालूही केली होती. तरी हे पान का? एका अपाचेवर अनेक साइट राहू शकतात, आणि कोणती द्यायची हे तो मागणाऱ्याने उच्चारलेल्या नावावरून ठरवतो. वाचनालयात नाव नव्हतंच. सगळे आकड्यांचा आयपी पत्ताच टाकत होते. नाव कुठेच जुळलं नाही की अपाचे यादीतली पहिली साइट देतो. यादी लागते फाइलींच्या नावाच्या क्रमाने, आणि उबुंटूने स्वागताच्या साइटच्या नावाआधी मुद्दाम तीन शून्यं लावलेली आहेत. ती साइट बंद केली. अपाचेला फाइली तपासायला सांगितलं, त्याने 'सिंटॅक्स ओके' म्हटलं, मग त्या ताज्या केल्या. तपासल्याशिवाय ताजं करायचं नाही, ही सवय मी तिला पहिल्या तासातच लावली.

आता आलं ४०३. मनाई.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ४०३ म्हणजे परवानगीचा प्रश्न एवढंच सगळे शिकतात आणि लगेच हातोडा काढतात. परवानगी कुणाची, कशावर, हे विचारत नाहीत. आम्हाला त्या दिवशी ४०३ पाठोपाठ दोनदा आला. मोबाइलवर दोन्ही वेळा तेच पान, तेच शब्द. कारणं मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली.

पहिल्यांदा चुकांच्या वहीत ओळ होती एएच०००३५ या क्रमांकाची. मार्गातल्या कुठल्यातरी भागावर शोधायची परवानगी नाही, असं ती सांगत होती. प्रोजेक्ट भाचीच्या होम फोल्डरात होता. लिनक्समध्ये आतली फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली तरी तिथवर जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरातून आत शिरण्याची वेगळी परवानगी लागते. वाड्याची माजघरापर्यंतची सगळी दारं सताड उघडी आणि दिंडी दरवाजा मात्र लावलेला, तर पाहुणा बाहेरच राहणार, तसंच हे. उबुंटूने २१.०४ पासून नवीन वापरकर्त्याचं होम फोल्डर परक्यांना बंद ठेवायला सुरुवात केली. आधीच्या काळातल्या सूचना वाचणाऱ्यांना ही गोष्ट माहीत नसते, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना आधीच्याच काळातल्या असतात.

'नेमआय' नावाची एक साधी आज्ञा आहे. तिला मार्ग दिला की मुळापासून शेवटपर्यंतचं एकेक फोल्डर एकेका ओळीत मांडते, प्रत्येकासमोर मालक आणि परवानग्या. भाचीने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मूळ, ठीक. होम, ठीक. तिच्या नावाचं फोल्डर: अक्षरं, अक्षरं आणि शेवटी तीन आडव्या रेघा. "मामा, हे बघा. हितं परक्याला काहीच नाही." अपाचे त्या यंत्रावर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाने वावरतो, आणि तिच्या घरात तो परकाच.

होम फोल्डर उघडं टाकणं हा एक उपाय होता. मला तो पटत नाही. स्वतःचं घर आणि सगळ्यांसाठीची जागा वेगळीच बरी. प्रोजेक्ट उचलून एसआरव्ही फोल्डरात ठेवला. सर्व्हरवरून द्यायच्या गोष्टींसाठीच ते फोल्डर असतं. पान ताजं केलं. पुन्हा ४०३. भाचीचा चेहरा पडला. मी म्हटलं, वही वाच. या वेळी ओळ एएच०१६३० ची होती: सर्व्हरच्या कॉन्फिगरेशननेच मनाई केली आहे. म्हणजे लिनक्सने आत सोडलं होतं, आता अपाचेचा स्वतःचा नियम आडवा आला होता. अपाचे मुळात सगळ्या डिस्कला बंदी घालून सुरुवात करतो आणि मग मोजकी फोल्डरं मोकळी करतो. एसआरव्हीसाठीचा तो मजकूर मुख्य फाइलीत असतो, पण प्रत्येक ओळीआधी चिन्ह लावून निकामी केलेला. आम्ही तो तसाच राहू दिला आणि साइटच्या फाइलीत फक्त प्रोजेक्टच्या 'पब्लिक' फोल्डरापुरती परवानगी लिहिली.

फक्त पब्लिक. या शब्दावर मी अडून बसतो आणि पुढेही बसेन. पान उघडत नाही म्हणून कंटाळून अख्ख्या प्रोजेक्टचं फोल्डर जगाला दाखवणारे लोक मी पाहिलेत. लॅराव्हेलमध्ये पब्लिकच्या बाहेर 'डॉट ईएनव्ही' ही फाइल असते, तिच्यात ॲप्लिकेशनची गुप्त किल्ली. आमच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट होती: एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, आणि तीही प्रोजेक्टच्याच एका फोल्डरात. दार चुकीच्या ठिकाणी पाडलं असतं तर पत्त्यात चार शब्द टाकून कुणीही ती अख्खी उतरवून घेतली असती. त्यात गावातल्या सगळ्या सभासदांची नावं, घरचे पत्ते, मोबाइल नंबर, अभ्यासिकेतल्या मुलींचेसुद्धा. ग्रंथपालांनी ही माहिती विश्वासाने दिली होती. पान दिसायला लागणं एवढंच आपलं काम नाही.

यानंतर ५००, म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिनसल्याचा आकडा. हा आकडा बघून मला उलट बरं वाटलं, आणि भाचीलाही ते समजावलं: रिक्वेस्ट आता पीएचपीपर्यंत पोचली. पुढे सरकलोय आपण. लॅराव्हेल स्वतःची वेगळी वही स्टोरेज फोल्डरात लिहितं, ती उघडली तर कोरी. कारण अपाचेच्या वहीत सापडलं: लॅराव्हेलला त्याच्या वहीतच लिहायची परवानगी नव्हती. तक्रार लिहायलाही जागा नाही, अशी गत.

आणि इथे सगळे ७७७ करतात. सगळ्या फोल्डरांना, सगळ्या फाइलींना, सगळ्यांना सगळं करायची मुभा. जिकडेतिकडे हाच सल्ला मिळतो, आणि लगेच पान उघडतं म्हणून तो पसरतो. मला त्याचा मनापासून राग आहे. ज्या यंत्रावर परवानग्या ७७७ आहेत तिथे दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तुमच्या पब्लिक फोल्डरात स्वतःची पीएचपी फाइल टाकता येते, आणि अपाचे ती इमानदारीत चालवतो. शिवाय त्या सल्ल्याने माणूस शिकत काहीच नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा तोच आकडा टाइप करतो. खरी गरज किती होती? स्टोरेज, बूटस्ट्रॅपमधलं कॅशे, आणि डेटाबेसचं फोल्डर. या तीन जागांचा गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा केला, त्या गटाला लिहायची परवानगी दिली, बाकी सगळं जसं होतं तसं.

डेटाबेसच्या वेळी आणखी एक गंमत घडली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. भाचीने आधी फक्त त्या एका फाइलीला परवानगी दिली. तरी चूक आली, या वेळी लॅराव्हेलच्या वहीत: फक्त वाचता येणाऱ्या डेटाबेसवर लिहायचा प्रयत्न. फाइल तर लिहिण्याजोगी होती! पण एसक्यूलाइट काहीही बदलण्याआधी शेजारी एक तात्पुरती जर्नल फाइल तयार करतं. अर्ध्यात लाईट गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर त्या जर्नलवरून अर्धवट नोंद मागे घेतं. त्यासाठी फोल्डरातही नवी फाइल करायची परवानगी हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळे ही सोय किती मोलाची आहे हे ग्रंथपालांना एका वाक्यात कळलं. "म्हंजे नोंद झाली तर पुरी, न्हाई तर न्हाईच." अगदी तेच.

पहिलं पान उघडलं. पुस्तकांच्या यादीवर बोट ठेवलं आणि ४०४.

सापडत नाही. पण हे कोण म्हणतंय? मला वाटतं या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी प्रश्न हाच. अपाचेचं ४०४ आणि लॅराव्हेलचं ४०४ दिसायला वेगळी असतात. लॅराव्हेलचं पानाच्या मधोमध: आकडा, उभी रेघ, दोन शब्द. अपाचेचं पांढऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात, जाड अक्षरात, खाली आडवी रेघ आणि तिच्याखाली अपाचेची आवृत्ती आणि पोर्टचा नंबर. आमच्यासमोर दुसरं होतं. म्हणजे लॅराव्हेलला या पत्त्याची वार्ताच नव्हती. तिथे राउट तपासत बसणं, कंट्रोलर उघडून बघणं, सगळं वाया गेलं असतं. खात्रीसाठी पत्त्यात मध्ये इंडेक्स.पीएचपी टाकून बघितलं, आणि यादी लख्ख उघडली. पुढचं घर शाबूत आहे. पत्ते वळवणारं कुणी नाही.

वळवायचं काम अपाचेमध्ये मॉड-रीराइट हे मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, करतं. राल्फ एंगेलशाल यांनी ते १९९६ मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षी अपाचेच्या गटाला देऊन टाकलं. आज जगभर सुटसुटीत पत्ते दिसतात त्यामागे त्याचा मोठा हात आहे. लॅराव्हेल वळवण्याचे नियम पब्लिक फोल्डरातल्या 'डॉट एचटीॲक्सेस' फाइलीत लिहूनच देतं. फाइल जागेवर होती, नियम बरोबर होते. मग अपाचे ती वाचतोय का?

हे तपासायची युक्ती फार सोपी आहे आणि प्रत्येकाला माहीत असायला हवी. त्या फाइलीत सगळ्यात वर काहीतरी अर्थहीन लिहायचं. अपाचे फाइल वाचत असेल तर त्याला ते कळणार नाही आणि ५०० येईल. भाचीने वर स्वतःच्या मांजराचं नाव लिहिलं. पान ताजं केलं, तेच ४०४. म्हणजे अपाचे ती फाइल उघडतच नव्हता. कारण 'अलाउ-ओव्हरराइड'. फोल्डरातल्या या फाइलींना किती मान द्यायचा ते त्या एका शब्दावर ठरतं. अपाचे २.४ ची आवृत्ती २०१२ मध्ये आली तेव्हापासून, काही न सांगितल्यास उत्तर 'नाही' असतं. त्याआधी ते 'सगळा' होतं. जुन्या सूचना इथेच दगा देतात: त्या लिहिणाऱ्याच्या यंत्रावर हे न सांगता चालत होतं. विंडोजवरच्या झॅम्पमध्ये, म्हणजे अपाचे आणि पीएचपी एकत्र देणाऱ्या संचात, तर ते आधीच उघडून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे शिकलेल्या मुलाला हा शब्द कधी भेटतच नाही.

पब्लिक फोल्डरापुरतं ते 'सगळं' केलं. पान ताजं केलं आणि ५०० आला. वहीत मांजराचं नाव, ही आज्ञा माहीत नाही म्हणून. भाची मोठ्याने हसली. ओळ पुसली, पुन्हा ताजं केलं. ४०४.

इथे ती वैतागली, आणि मला तिचा वैताग मान्य आहे. फाइल वाचली जातेय हे सिद्ध झालंय, नियम बरोबर आहेत, तरी काहीच घडत नाही आणि वहीतही चकार शब्द नाही. कारण त्या फाइलीतले नियम एका अटीच्या आत लिहिलेले आहेत: मॉड-रीराइट चालू असेल तरच. उबुंटूवर ते बसवलेलं असतं पण चालू नसतं. अट पुरी होत नाही, अपाचे सगळे नियम निमूट ओलांडून पुढे जातो. ही अट मला आवडत नाही. ती नसती तर अपाचेने पहिल्याच ओळीला ओरडून सांगितलं असतं की ही आज्ञा मला येत नाही, आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. चूक लपवणाऱ्या सोयीपेक्षा तोंडावर सांगणारी चूक मला केव्हाही परवडते. चालू असलेल्या मॉड्यूलांची यादी मागवली, रीराइट तिच्यात नव्हतं. चालू केलं, अपाचे पुन्हा सुरू केलं, आणि पुस्तकांची यादी आली.

जाणकार म्हणतील, मुख्य फाइली हातात असताना एचटीॲक्सेस वापरूच नये. ते खरं आहे. ती मुभा दिली की अपाचेला प्रत्येक रिक्वेस्टला त्या फाइली शोधत फिरावं लागतं, आणि अपाचेचे स्वतःचे दस्तऐवजही हेच सांगतात. सगळं अज्ञात पत्त्यांचं काम इंडेक्स.पीएचपीकडे देणारी एका ओळीची 'फॉलबॅक-रिसोर्स' ही आज्ञाही आहे. तरीही मी तसं केलं नाही. दिवसाला पाच-पन्नास लोक उघडणार त्या ठिकाणी तो वेळ जाणवणारही नाही. उद्या भाची नोकरीला गेली आणि दुसऱ्या कुणी हे हातात घेतलं, तर तो लॅराव्हेलच्या नेहमीच्या सूचना घेऊन येईल. त्याला सगळं नेहमीच्या जागी सापडलं पाहिजे. तालुक्याच्या गावात वेगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

बाकीच्या अडचणी किरकोळ होत्या. एका फाइलीच्या नावात कॅपिटल अक्षर लहान पडलं होतं. विंडोजला ते चालतं, लिनक्सला नाही. ईएनव्हीमध्ये केलेला बदल लागू होईना, कारण कॉन्फिगरेशन आधीच कॅशेत घातलेलं होतं. लाईट जाऊन आल्यावर अपाचे आपोआप उठला, पण राउटरने डेस्कटॉपला नवाच आयपी दिला; राउटरमध्ये तो पत्ता त्या यंत्रासाठी राखून ठेवला.

या दोन दिवसांत मला खरी अडचण दिसली ती वेगळीच. भाची वहीतल्या ओळी वाचत नव्हती, त्यांच्यावरून नजर फिरवत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीचा लांबलचक परिच्छेद लाल अक्षरात आला की डोळे आपोआप खाली सरकतात. हुशार मुलांचंही हेच होतं, आणि त्यांना कुणी धीर देत नाही. मी तिला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली: आधी वेळ, मग कोण, मग कशावर, शेवटी काय नाकारलं. वहीतलं इंग्रजी फार थोडं असतं. नाकारलं, सापडलं नाही, परवानगी नाही, माहीत नाही. दहा-पंधरा शब्द फिरून फिरून येतात. संध्याकाळपर्यंत ती माझ्याआधी ओळीतला मार्ग उचलून नेमआयला देत होती. हे असं शेजारी बसून वाचून घेणं आपल्या प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये व्हायला हवं. त्याला नवं यंत्र लागत नाही, निधी लागत नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. अभ्यासिकेतल्या एकाने 'शेतकऱ्यांसाठी' असा शब्द शोधला, काहीच आलं नाही. आणि त्या शब्दाची पुस्तकं तर समोर कपाटात. पण या वेळी तिने मला कारण विचारलं नाही, वहीतल्या दोन ओळी पाठवल्या. देवनागरी अक्षरं पत्त्यातून जाताना टक्केचिन्हांच्या साखळीत जातात, एका अक्षरखुणेला तीन तुकडे. मोबाइलवरून आलेल्या ओळीत शब्दातल्या त्या आडव्या र च्या जागी ई-शून्य, ए-चार, बी-एक होतं. ग्रंथपालांच्या डेस्कटॉपवरून तोच शब्द शोधला तेव्हा बी-शून्य, आणि पाय मोडल्याच्या खुणेनंतर आणखी तीन तुकडे: ई-दोन, ऐंशी, आठ-डी. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. एकाने नुक्त्याचा ऱ लिहून पाय मोडला होता, दुसऱ्याने साधा र लिहून, पाय मोडून, मागे न दिसणारा जोडाक्षर जुळवणारा वर्ण ठेवला होता. दोन्ही पद्धती युनिकोडमध्ये चालतात. एसक्यूलाइटला मात्र ते दोन वेगळे शब्द.

अपाचे बरोबर, लॅराव्हेल बरोबर, रिक्वेस्ट शेवटपर्यंत पोचलेली. २०० चं, म्हणजे सगळं ठीक असल्याचं, उत्तर, आणि यादी रिकामी. असली अडचण इंग्रजी सूचनांमध्ये कुठेही सापडली नसती, कारण तिथे ती कुणाला येतच नाही. तिने डेटाबेसची प्रत काढून ठेवली, जुन्या सगळ्या नोंदी नुक्त्याच्या ऱ वर आणल्या, आणि नोंद करताना व शोधताना दोन्हीकडे तोच बदल आपोआप होईल अशी सोय केली. शेतकऱ्यांची पुस्तकं आली, दुसऱ्या आवृत्त्याही आल्या.

ॲ अजून राहिलाय. तो लोक तीन तऱ्हांनी टाइप करतात: थेट ॲ, अ वर चंद्र, आणि हिंदीतला ऍ. दाखल रजिस्टरात असे शब्द किती आणि कोणत्या तऱ्हेने चढवले गेलेत, याची यादी ती सध्या काढतेय.